दोन ऑपरेशनांच्या मधले दिवस

पोटावरचा तो लाल गोळा बाळाला दुखत नाही. आजीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना ही गोष्ट सर्वांत आधी सांगून टाकावी. घरातली निम्मी माणसे त्या जागेला हात लावायला धजत नाहीत आणि मग सगळा भार एकट्या आईवर येऊन पडतो. तो गोळा म्हणजे आतड्याचेच टोक, पोटावर छोटी वाट करून बाहेर आणलेले आणि कातडीला शिवलेले. ओठाच्या आतल्या बाजूसारखे ते ओलसर, लालबुंद असते. कातडीला चिमटा काढला की जसे कळते, तसे या टोकाला कळत नाही, कारण तसल्या नसाच त्यात नसतात. पुसताना कापसाला रक्ताचा एखादा ठिपका लागला तरी घाबरायचे कारण नाही. बाळ तेव्हा रडते ते बहुधा गार पाण्याने, भुकेने किंवा उताणे दाबून धरल्याच्या रागाने.

डॉक्टर त्याला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टोमी. डिस्चार्जच्या कागदावर यांपैकी काय लिहिले आहे ते पाहून पाठ करून ठेवावे, कारण घरी करायच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचे उत्तर त्या एका शब्दावर बदलते. कोलोस्टोमीतून येणारी शी थोडी घट्ट आणि सौम्य असते. इलिओस्टोमीतून येते ते पातळ, पाचक रसांनी भरलेले पाणी. ते कातडीवर काही तास राहिले तर कातडी सोलवटून काढते.

मोठ्या माणसांत स्टोमा म्हटले की कॅन्सर आठवतो. बाळांची गोष्ट वेगळी आहे. साधारण पाच हजार जन्मांमागे एका बाळाला शीची जागा तयारच झालेली नसते किंवा ती भलत्या ठिकाणी, बारीक छिद्रासारखी उघडलेली असते. साधारण तितक्याच प्रमाणात हर्षस्प्रुंगचा आजार आढळतो. त्यात आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात, त्यामुळे तो भाग शी पुढे ढकलत नाही. मुलींपेक्षा मुलग्यांत तो सुमारे चौपट दिसतो. हॅराल्ड हर्षस्प्रुंग या डॅनिश बालरोगतज्ज्ञाने 1886 मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्याचे वर्णन केले, म्हणून त्याचे नाव. तिसरा गट दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळांचा. त्यांच्या आतड्याचा काही भाग सुजून सडतो आणि तो काढून टाकावा लागतो. या तिन्हींत पोटावर काढलेली वाट बहुतेक वेळा तात्पुरती असते. आतडे सावरेपर्यंत, बाळ वजन धरेपर्यंत, मूळ दोष दुरुस्त होईपर्यंत काही महिने तिने काम करायचे आणि नंतर ती बंद करायची.

हा उपायही नवा नाही. 1793 मध्ये फ्रान्समधल्या ब्रेस्त शहरात द्युरे नावाच्या शल्यविशारदाने शीची जागा नसलेल्या तीन दिवसांच्या बाळाच्या पोटाच्या डाव्या बाजूला अशी वाट काढली. तेव्हा भूल नव्हती, प्रतिजैविके नव्हती, शी गोळा करायला पोटाला चिकटणारी पिशवी तर नव्हतीच. ते बाळ पंचेचाळीस वर्षे जगले. म्हणजे ती पंचेचाळीस वर्षे कुणीतरी रोज कापड बदलत, कातडी सांभाळत काढली होती. वैद्यकाच्या इतिहासात नाव मात्र शस्त्र चालवणाऱ्याचे राहिले.

मला या लेखात त्या दुसऱ्या कामाबद्दलच लिहायचे आहे. ऑपरेशन मुंबईत दोन-तीन तासांत होते. पहिल्या आणि शेवटच्या ऑपरेशनमधले महिने मात्र आपल्या पालघर जिल्ह्यात, बोईसरच्या भाड्याच्या खोलीत, पास्थळ-सरावलीच्या चाळीत किंवा जव्हारच्या पाड्यावर जातात, आणि पुढचे ऑपरेशन वेळेवर होणार की लांबणार हे बरेचसे त्या खोलीत ठरते.

याच भागात तारापूरला अणुवीज 1969 पासून तयार होते. एमआयडीसीत देशभरातले कामगार पाळ्या करतात. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. तरीही नवजात बाळाच्या आतड्याचे ऑपरेशन म्हटले की इथल्या बहुतेकांना मुंबईच गाठावी लागते: परळचे 1929 पासूनचे वाडिया बाल रुग्णालय, केईएम, सायन, नायर, जेजे. तलासरी-डहाणूकडची माणसे सिल्वासा किंवा वलसाडकडेही वळतात. बोईसरहून मुंबई सुमारे शंभर किलोमीटर. मोखाड्याहून निघालेल्याला आधी डोंगर उतरावा लागतो.

या अंतरामुळे पहिल्या चोवीस तासांना फार महत्त्व येते. पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या नव्वदहून अधिक बाळांना जन्मानंतर चोवीस तासांत काळी-हिरवी चिकट शी होते. झाली नाही, पोट फुगले, उलटी हिरवी झाली, की थांबायचे नाही. जन्मल्याबरोबर बाळाला उलटे करून शीची जागा नीट आहे ना हे पाहायला काही सेकंद लागतात, आणि ते दाई, नर्स, आशाताई कुणीही करू शकते. मुलींमध्ये फसगत होते. छिद्र पुढे, योनिमार्गाजवळ असते, थोडीथोडी शी होत राहते, आणि दुखणे लक्षात येईपर्यंत महिने जातात. हर्षस्प्रुंग लवकर कळला आणि आतडे फार फुगलेले नसले, तर पोटावर वाट न काढता एकाच ऑपरेशनमध्ये काम भागू शकते. उशीर झाला की फुगलेले आतडे आधी मोकळे करावे लागते, म्हणजे स्टोमा आलाच. कितीतरी पिशव्या निव्वळ उशिरामुळे लागतात.

गंमत अशी, की मुलांच्या आरोग्य तपासणीचा देशव्यापी ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ 6 फेब्रुवारी 2013 रोजी सुरू झाला तो याच पालघरमधून. त्याच्या मूळ यादीत नऊ जन्मदोष आहेत. दुभंगलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे, मोतीबिंदू आहे, जन्मजात हृदयरोग आहे. शीची जागा नसणे त्या नवांत नाही. यादीत नाव नसले म्हणून तपासणाऱ्याने तिथे बघू नये असे नाही, पण जे यादीत नसते ते नजरेतूनही सुटते, एवढे खरे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत या ऑपरेशनांचा समावेश आहे, त्यामुळे रेशनकार्ड आणि बाळाच्या जन्माचा दाखला ही दोन कागदपत्रे पहिल्या दिवसापासून हाताशी हवीत. घरी आल्यावर दर महिन्याला लागणाऱ्या पिशव्या, कापूस, मलम यांचा खर्च मात्र बहुतेक घरांत खिशातूनच होतो.

पिशवी लावायची की कापड बांधायचे, हा घरी आल्यावरचा पहिला प्रश्न. पिशवी म्हणजे सुधारलेले आणि कापड म्हणजे मागासलेले, असे मुळीच नाही. कोलोस्टोमीच्या बाळाला पोटाभोवती मऊ सुती कापडाची घडी बांधून ठेवण्याची रीत आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत पूर्वीपासून शिकवली जाते. जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे तुकडे त्यासाठी उत्तम. अट एवढीच, की शी झाल्याबरोबर कापड बदलायचे, कोमट पाण्याने जागा पुसायची, टिपून कोरडी करायची आणि स्टोमाभोवतीच्या कातडीवर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर द्यायचा. पुढच्या वेळी तो थर खरवडून काढायचा नाही. वरची घाण पुसायची आणि वर नवा हात फिरवायचा. इलिओस्टोमीला मात्र कापड पुरत नाही. तिथे पिशवी लागतेच.

दोन्ही रीती एकत्र करता येत नाहीत, आणि घरोघरी गडबड होते ती इथेच. मलम, खोबरेल तेल, पावडर, बाजारातले सुगंधी ओले रुमाल यांतले काहीही कातडीवर असले तर पिशवी चिकटत नाही. दोन तासांत सुटते, आई म्हणते पिशवीच खराब, आणि नवी आणली जाते. पिशवी लावायची तर पाणी आणि कापूस, बाकी काही नाही.

आपल्याकडच्या बाळाच्या अंघोळीचा इथे थोडा विचार करावा लागतो. मालिश बंद करायची गरज नाही. हात, पाय, पाठ, डोके चोळावे, फक्त पोटाचा मधला पट्टा सोडावा आणि तेलाचा हात पिशवीच्या कडेला लागू देऊ नये. म्हणूनच पिशवी बदलायची असेल तर आधी पोटाचे काम उरकावे, मालिश मागाहून. अंघोळ पिशवीसकट घालता येते, पिशवी काढूनही घालता येते. स्टोमातून पाणी पोटात शिरत नाही. बदलायच्या दिवशी पिशवी काढून घातलेली अंघोळ कातडीला बरी. धुरी मात्र नको. ती तशी कोणत्याच बाळाला नको.

पिशवीच्या चिकट चकतीला मध्ये भोक पाडावे लागते. ते स्टोमापेक्षा एक-दोन मिलिमीटरच मोठे हवे. जास्त मोठे केले तर उघड्या कातडीवर शी साचते. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, त्यामुळे पहिल्या दिवशी कापलेला कागदी नमुना महिन्याने चालत नाही. दर वेळी मोजावे. लावण्याआधी चकती मिनिटभर तळहातात धरून ऊबदार केली की चांगली बसते. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. जड झाली की तिच्याच वजनाने ती उचकटते. रडताना बाळ हवा गिळते, मग पिशवी फुग्यासारखी ताठ होते, ती हवाही सोडावी लागते. रांगेपर्यंत पिशवीचे तोंड बाजूला, मांडीच्या बाहेर येईल असे लावले तर झोपलेल्या बाळाची रिकामी करायला सोपे जाते. उभे राहू लागले की खाली. बाळाच्या अंगावर एक पिशवी दोन-तीन दिवस टिकली तरी उत्तम समजावे. सात दिवस टिकवल्याची फुशारकी काही कामाची नाही, खालची कातडी कोणी पाहिली?

चिकट चकतीची कथा मला या विषयातली सर्वांत आवडती. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रुपर्ट टर्नबुल यांच्या लक्षात आले, की कराया नावाचा डिंक ओल्या कातडीलाही चिकटतो आणि तिचे रक्षण करतो. कराया निघतो तो आपल्या कांडोळाच्या झाडातून. पांढऱ्या, कागदासारख्या सालीमुळे रात्री चमकणारे, म्हणून भुताचे झाड म्हटले जाणारे हे झाड सह्याद्रीच्या कोरड्या उतारांवर उभे असते. भारतातल्या आदिवासींनी गोळा केलेला डिंक तिकडे गेला आणि स्टोमाच्या रुग्णांची सोललेली कातडी भरून येऊ लागली. त्याच टर्नबुल यांच्या रुग्ण नॉर्मा गिल, ज्यांना स्वतःला स्टोमा होता, 1958 पासून त्यांच्याबरोबर काम करू लागल्या आणि स्टोमाच्या शुश्रूषेतल्या पहिल्या तज्ज्ञ ठरल्या. तिकडे डेन्मार्कमध्ये एलिझ सोरेन्सन या नर्सने 1954 मध्ये स्टोमा झालेल्या बहिणीसाठी अंगाला चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना मांडली होती. आजच्या चकत्यांत करायाऐवजी जिलेटिन, पेक्टिन आणि सेल्युलोजचे मिश्रण असते. आजही या विद्येचा कणा नर्सच आहेत. टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमा नर्सचे प्रशिक्षण चालते, आणि ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईतच आहे. बाळाच्या आकाराच्या पिशव्या गावातल्या मेडिकलमध्ये सहसा ठेवलेल्या नसतात, आधीच मागवून ठेवाव्या लागतात. डिस्चार्जच्या दिवशी नर्सकडून मापाचा क्रमांक लिहून घेणे हे औषधाच्या चिठ्ठीइतकेच महत्त्वाचे.

समुद्राकाठच्या दमट हवेचे स्वतःचे काही त्रास आहेत. मे महिन्यात घामाने चकती सुटते. पत्र्याच्या खोलीत दुपारी पंखा बाळाच्या बाजूला आणि झबले पातळ, एवढे तरी करावे. जुलैत उलट अडचण: कापडाच्या घड्या वाळतच नाहीत. ओलसर घडी पोटाला बांधली की आठ दिवसांत स्टोमाभोवती लाल चट्टा आणि त्याच्या कडेने बारीक बारीक ठिपके उठतात. ती बुरशी असते, झिंकच्या मलमाने जात नाही, तिला डॉक्टरांनी दिलेले बुरशीचे औषध लागते. पावसाळ्यापुरत्या घड्या दुप्पट करून ठेवाव्यात आणि वाळल्यावर इस्त्री फिरवावी.

इलिओस्टोमीच्या बाळाची खरी काळजी कातडीची नाही, पाण्याची आणि मिठाची. आतड्याचा जो भाग पाणी-मीठ शोषतो तो वाटेत उरलेलाच नसतो. दिवसाला दर किलो वजनामागे 20 ते 30 मिलिलिटरपेक्षा जास्त बाहेर पडू लागले तर डॉक्टरांना कळवायचे. पाच किलोच्या बाळाला ही मर्यादा शंभर ते दीडशे मिलिलिटर. पिशवी रिकामी करताना औषधाच्या मोजपेल्यात मोजले तर अंदाज राहतो. शू कमी होणे, तोंड कोरडे पडणे, टाळू खाली जाणे, रडताना डोळ्यांत पाणी न येणे, बाळ मलूल पडणे ही धावायची लक्षणे. अशा वेळी नुसते पाणी किंवा साखरपाणी पाजत राहिले तर बिघाड वाढतो, कारण गेलेले मीठ परत येत नाही. ओआरएस लागते, आणि पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात. मोठी पुडी लिटरभर पाण्याची असते, ती कपभर पाण्यात कालवणे घातक. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला किती द्यायचे ते डॉक्टर सांगतील, अंगावरचे दूध मात्र सुरूच ठेवायचे.

याच मिठाची एक छुपी बाजू आहे. इलिओस्टोमीच्या काही बाळांचे दूध पुरेसे असूनही वजन वाढत नाही. शरीरातला सोडियम सतत कमी पडत असला की वाढ थांबते, आणि हे लघवीतल्या सोडियमच्या साध्या तपासणीत कळते. आपल्या जिल्ह्यात वजन न वाढणारे मूल दिसले की अंगणवाडीताईंना आधी कुपोषण आठवणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. पण या बाळाला नुसता जास्त आहार देऊन भागणार नाही, कदाचित डॉक्टरांनी ठरवलेले मीठ लागेल. अंगणवाडीच्या वजनाच्या तक्त्याची छायाचित्रे मुंबईच्या दर फेरीला सोबत न्यावीत. शल्यविशारदाच्या दृष्टीने तो तक्ता सोनोग्राफीइतका बोलका असतो.

वरचे खाणे सुरू झाले की इथले घर तसे सोयीचे. मऊ भात, पेज, नाचणीचे सत्त्व, पिकले केळे यांनी शी घट्ट व्हायला मदत होते. घोलवड-डहाणूचा चिकू साल-बी काढून कुस्करून द्यावा. जपायचे ते इलिओस्टोमीच्या बाळाला: ओल्या खोबऱ्याचे तुकडे, मक्याचे दाणे, शेंगदाणे, संत्र्याच्या फोडींची साले. यांचा गोळा होऊन अरुंद वाटेत अडकू शकतो. वाटून, गाळून दिले तर चालते. बीट खाल्ले की पिशवीत लाल दिसते. रक्त समजून रात्री रिक्षा काढण्याआधी दुपारचे जेवण आठवावे.

एक वर्षाच्या पुढचे मूल पिशवी ओढतेच. त्याला तो पोटावरचा खिसा वाटतो. त्याला रागावून उपयोग नाही. मांडीत बटणे लागणारा एकसंध कपडा किंवा पोटाभोवती सैलसर सुती पट्टा, हा उपाय. रांगणे, पालथे पडणे, इतर मुलांत खेळणे काहीच बंद करायचे नाही. लसीही वेळेवर, फक्त रोटाव्हायरसची लस देण्याआधी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. तापासाठी शीच्या जागेतून द्यायची गोळी मात्र अशा मुलांना चालत नाही, हे गावच्या दवाखान्यात आपणहून सांगावे. जोरात रडताना, खोकताना आतडे कधी बोटभर जास्त बाहेर येते. लाल आणि मऊ असेल तर स्वच्छ ओल्या कापडाने झाकून, बाळाला शांत करून रुग्णालयात फोन करायला वेळ असतो. काळे-जांभळे पडले आणि तसेच राहिले, पिशवीत काही येणेच थांबले, पोट फुगले किंवा हिरवी उलटी झाली, तर फोनवर वेळ घालवू नये.

मुंबईच्या फेऱ्या हा या आयुष्याचा ठरलेला भाग. एप्रिल 2013 मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि पालघर-बोईसरच्या माणसाला थेट दादरला उतरता येऊ लागले. प्रभादेवीला उतरले तर पूल ओलांडून परळ. सकाळच्या गर्दीत बाळाला खांद्याशी घट्ट धरले की पिशवी दाबली जाते, म्हणून निघण्याआधी ती रिकामी करावी आणि बाळाची पाठ आपल्या छातीकडे ठेवावी. प्रवासाच्या थैलीत भोक कापून ठेवलेल्या दोन चकत्या, पाण्याची बाटली, कापूस, जुने वर्तमानपत्र आणि सगळे कागद. काढलेली पिशवी शौचालयात रिकामी करून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायची. रुळांवर फेकायची नाही. रेल्वेच्या सवलतीच्या रुग्णयादीत ऑस्टोमीच्या रुग्णांचे नाव आहे. पण पाच वर्षांखालच्या मुलाला लोकलचे तिकीट तसेही लागत नाही, आणि खर्च होतो तो नेणाऱ्याचा, शिवाय बुडालेल्या पाळीचा.

शीची जागा नसलेल्या बाळाचे मुख्य ऑपरेशन पहिल्या काही महिन्यांत होते. मेक्सिकोचे डॉ. अल्बर्टो पेन्या यांनी 1980 च्या सुमारास बसवलेली पद्धत आज जगभर वापरली जाते. त्याआधी स्टोमाच्या खालच्या, शीच्या जागेकडे जाणाऱ्या तोंडातून औषध सोडून एक्स-रे काढतात, आणि हृदय, मूत्रपिंडे, पाठीचा कणाही तपासतात, कारण या दोषाबरोबर त्यांतही काही असू शकते. ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी नवी जागा रुंद ठेवण्यासाठी धातूच्या गुळगुळीत कांडीने दिवसातून दोनदा ती ताणावी लागते. हे काम आई-वडीलच घरी करतात आणि दर आठवड्याला कांडी थोडी जाड होत जाते. या टप्प्यावर पोटावरची वाट उघडीच असते. बरीच घरे इथे थकतात. बाळ गुटगुटीत झालेले असते, पिशवीची सवय झालेली असते, आणि रोज दोनदा त्याला रडवायचे जिवावर येते. पण ते आठ दिवस जरी चुकवले तरी जागा आकसते आणि वाट बंद करण्याची तारीख पुढे जाते. वडील रात्रपाळीहून आल्यावर एक वेळ त्यांनी आणि एक वेळ आईने, अशी वाटणी केलेली बरी.

पोटावरची वाट बंद झाली की घरात पेढे येतात, ते योग्यच. पण खालच्या कातडीला जन्मापासून शी कधी लागलेलीच नसते. आता दिवसाला दहा-बारा वेळा पातळ शी होते आणि चार दिवसांत तिथे इतके लाल होते, की ऑपरेशन बिघडले असे वाटावे. बिघडलेले नसते. आतड्याला नव्या कामाची सवय व्हायला काही आठवडे, कधी महिने लागतात. हर्षस्प्रुंगच्या मुलाला मात्र यानंतरही ताप, फुगलेले पोट आणि फवाऱ्यासारखी दुर्गंधीची शी एकदम सुरू झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. आतड्याची ही सूज ऑपरेशननंतरही येऊ शकते. पोटासाठी आणलेली झिंकची ट्यूब कुणीच टाकून देऊ नये. ती आता खाली लावायची, तीही लाली दिसण्याची वाट न पाहता, वॉर्डातच, पहिली शी होण्याच्या आधीपासून.